दीड अंशाचा हिशेब

१२ डिसेंबर २०१५ची संध्याकाळ. पॅरिसजवळ ल बुर्जे इथल्या सभागृहात जवळपास दोनशे देशांचे प्रतिनिधी खोळंबून बसले होते. हवामान कराराचा अंतिम मसुदा हातात पडला होता आणि अमेरिकेच्या वकिलांना त्यातला एक शब्द खटकला होता. श्रीमंत देशांनी उत्सर्जनात कपात 'करावी' असे आधीच्या मसुद्यांत होते. अंतिम मसुद्यात ते 'केलीच पाहिजे' असे झाले होते. इंग्रजीत फरक फक्त 'शुड' आणि 'शॅल' एवढाच. पण 'केलीच पाहिजे' म्हटले की ती कायदेशीर सक्ती होते. सक्ती आली की करार अमेरिकी सिनेटच्या मंजुरीला न्यावा लागतो, आणि तिथे तो टिकणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. बरीच धावपळ झाली. शेवटी सचिवालयाच्या अधिकाऱ्याने मसुद्यातल्या किरकोळ दुरुस्त्या वाचून दाखवल्या आणि त्यांतच हा शब्दही बदलून घेतला. कोणी हरकत घेतली नाही. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लोराँ फाब्युस यांनी हातोडा आपटला आणि पॅरिस करार मंजूर झाला.

'करावी' लिहिले म्हणून सगळे जग एका कागदावर आले, आणि 'करावी' लिहिले म्हणूनच त्या कागदाला दंडुका नाही. तापमानवाढ रोखण्याच्या गेल्या साडेतीन दशकांच्या प्रयत्नांचे बळ आणि उणीव अशी एकाच शब्दात सापडते. हे प्रयत्न कोणते, त्यांतले काय जमले, काय अडले आणि का, याची ही क्रमवार मांडणी.

आधी मोजणी, मग वाटाघाटी

कार्बन डायऑक्साइड वातावरणात उष्णता अडवून धरतो, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. पण हवेत तो खरोखरच वाढतो आहे का, हे सलग आणि काटेकोरपणे कोणी मोजले नव्हते.

ते काम चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने हाती घेतले. १९५८ मध्ये त्यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, मोजणी सुरू केली. शहरे आणि कारखाने तिथून दूर, त्यामुळे हवा स्वच्छ. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. कीलिंग यांचा आलेख दरवर्षी एकदा खाली येतो आणि एकदा वर जातो. उत्तर गोलार्धात झाडांना पालवी फुटली की ती हा वायू शोषून घेतात, आणि पानगळीनंतर तो पुन्हा हवेत साठतो. पण प्रत्येक वर्षीचे शिखर आदल्या वर्षीच्या शिखराहून थोडे उंच असते. १९६४ मध्ये पैसे आटले आणि मोजणी काही महिने बंद पडली. ती फट त्या आलेखात आजही दिसते. औद्योगिक क्रांतीपूर्वी २८० च्या आसपास असलेला हा आकडा आज ४२० च्या पुढे गेला आहे.

या मोजणीनेच राजकारण्यांना जागे केले. १९८८ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून 'आयपीसीसी' हे आंतरशासकीय मंडळ स्थापन केले. हे मंडळ स्वतः प्रयोग करत नाही. जगभर प्रसिद्ध झालेले संशोधन तपासून, चाळून, त्याचा निष्कर्ष ते सरकारांपुढे ठेवते. त्याच्या अहवालाचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सर्व देशांचे प्रतिनिधी ओळ न ओळ वाचून मंजूर करतात. त्यामुळे 'हे आम्हाला मान्यच नाही' असे म्हणायला पुढे कोणाला फारशी जागा उरत नाही. १९९० च्या पहिल्या अहवालाने कराराची गरज दाखवली. २०२१ च्या अहवालात, माणसाच्या कृतीमुळेच वातावरण, समुद्र आणि जमीन तापली आहे, याबद्दल शंका उरलेली नाही असे स्वच्छ शब्दांत लिहिले गेले.

रिओ : जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही

जून १९९२ मध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरो शहरात वसुंधरा परिषद भरली. तिथे हवामान बदलाविषयीचा मूळ करार सह्यांसाठी खुला झाला आणि २१ मार्च १९९४ रोजी तो लागू झाला. हवामानात मानवी ढवळाढवळ धोक्याच्या पातळीला जाऊ नये, हा त्याचा हेतू. आज ज्याला आपण 'कॉप' म्हणतो ती वार्षिक परिषद म्हणजे या कराराच्या सदस्यांची बैठक. पहिली १९९५ मध्ये बर्लिनला झाली, आठवी २००२ मध्ये नवी दिल्लीत.

रिओच्या करारातले एक तत्त्व भारतासाठी फार मोलाचे आहे : जबाबदारी सामायिक, पण प्रत्येकाची कुवत आणि वाटा पाहून वेगवेगळी. दीड-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून ज्यांनी संपत्ती कमावली, त्यांनी आधी आणि जास्त कपात करायची. ज्यांच्या घरात अजून धड वीज नाही, त्यांना वाढायला वाव द्यायचा. ही कोणावर केलेली मेहेरबानी नाही. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षे हवेत राहतो, त्यामुळे आजची उष्णता कालच्या धुराड्यांचेही देणे आहे.

या करारात एक अडचण मात्र सुरुवातीपासून राहून गेली. मतदानाचे नियम देशांना आजतागायत ठरवता आलेले नाहीत. त्यामुळे प्रत्येक मोठा निर्णय सर्वसंमतीने घ्यावा लागतो. सगळ्यांना बरोबर घेण्याची ही रीत लहान देशांनाही आवाज देते, पण मूठभर देश अडून बसले की मसुदा पातळ होतो. कॉपच्या बातम्यांत शेवटच्या रात्री शब्दांवरून होणारी ओढाताण आपण वाचतो, तिचे मूळ इथे आहे.

क्योटो : सक्ती होती, पण कोणावर?

डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या क्योटो शहरात पहिली बांधील उद्दिष्टे ठरली. औद्योगिक देशांनी २००८ ते २०१२ या काळात आपले उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी ५ टक्क्यांनी कमी करायचे. विकसनशील देशांवर बंधन नाही. अमेरिकेच्या सिनेटने मात्र त्याआधीच, जुलै १९९७ मध्ये, ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता : विकसनशील देशांवर बंधन नसेल किंवा आपल्या अर्थव्यवस्थेला इजा पोहोचणार असेल, तर असा करार आम्ही स्वीकारू नये. अमेरिकेने क्योटोवर सही केली, पण मंजुरी कधीच दिली नाही, आणि २००१ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यातून अंग काढून घेतले. रशियाने मान्यता दिल्यावर १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार लागू झाला. कॅनडाने २०११ मध्ये बाहेर पडत असल्याचे जाहीर केले.

जे देश करारात राहिले, त्यांनी मिळून उद्दिष्ट गाठले. त्यात सोव्हिएत संघ कोसळल्यावर बंद पडलेल्या कारखान्यांचाही हात होता. पण त्याच सुमारास चीनचे उत्सर्जन अमेरिकेच्या पुढे गेले आणि जगाचा एकूण आकडा वाढतच राहिला.

क्योटोची एक तरतूद थेट महाराष्ट्राच्या डोंगरांवर दिसली. श्रीमंत देशाने गरीब देशातल्या स्वच्छ प्रकल्पामुळे वाचलेला कार्बन विकत घ्यायचा, अशी ही व्यवस्था होती. तिला 'सीडीएम' म्हणत. धुळे, सातारा आणि सांगलीच्या पठारांवरच्या अनेक पवनचक्क्या या यादीत नोंदल्या गेल्या. नोंदलेल्या प्रकल्पांच्या संख्येत चीनच्या खालोखाल भारताचा क्रम होता. मात्र याच व्यवस्थेने एक धडाही दिला. शीतकरणाचा वायू बनवताना निघणारा एचएफसी-२३ हा तीव्र हरितगृह वायू जाळून टाकण्याचे इतके पैसे मिळू लागले की तो तयार करणेच फायद्याचे ठरू लागले. २०१३ पासून युरोपीय संघाने असे कार्बन क्रेडिट स्वीकारणे बंद केले. हिशेबाची वही नीट तपासली नाही, तर चांगल्या हेतूचा पैसाही भलत्या वाटेने जातो.

मॉन्ट्रियल : जमून गेलेला करार

जगाला असे काही जमतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी मॉन्ट्रियल कराराकडे पाहावे. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवले की फ्रिज आणि फवाऱ्यांच्या डब्यांत वापरले जाणारे सीएफसी वायू ओझोनचा थर खातात. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावर ओझोनला पडलेले छिद्र आढळले. आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियलमध्ये करारही झाला. छिद्राची बातमी आणि करार यांत जेमतेम अडीच वर्षे.

हा करार टिकला, कारण त्यात तीन गोष्टी एकत्र होत्या. कोणता वायू किती आणि कधीपर्यंत बंद, याचे वेळापत्रक होते. विकसनशील देशांना जास्त मुदत होती आणि नव्या तंत्रासाठी स्वतंत्र निधीतून पैसा मिळत होता. आणि बाहेर राहणाऱ्या देशांशी या वायूंचा व्यापार करण्यावर बंदी होती. जगातल्या प्रत्येक देशाने त्याला मान्यता दिली. ओझोनचा थर आता हळूहळू भरून येतो आहे.

सीएफसी हे अतिशय तीव्र हरितगृह वायूही आहेत. त्यामुळे ओझोन वाचवताना तापमानवाढही बरीच टळली. सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी वायू ओझोन खात नाहीत, पण उष्णता खूप अडवतात. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे याच कराराला दुरुस्ती जोडली गेली. ती पूर्ण पाळली गेली, तर शतकाअखेरपर्यंत अर्ध्या अंशापर्यंतची वाढ टळू शकते. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. घरात नवा एसी घेताना त्यावर 'आर-३२' किंवा 'आर-२९०' लिहिलेले दिसते, तो गॅस कोणता याच्याशी या कराराचा थेट संबंध आहे.

अर्थात कोळसा आणि तेल सोडणे हे फ्रिजमधला वायू बदलण्याइतके सोपे नाही. सीएफसी मोजक्या कंपन्या बनवत होत्या. कोळशावर अख्ख्या अर्थव्यवस्था उभ्या आहेत. तरीही वेळापत्रक, पैसा आणि पडताळणी ही तिन्ही एकत्र असली की करार चालतो, एवढे मॉन्ट्रियलने सिद्ध केले.

पॅरिस : प्रत्येकाने आपला शब्द द्यायचा

२००९ मध्ये कोपनहेगनला क्योटोच्या जागी नवा करार होईल अशी आशा होती. ती परिषद फसली. हाती फक्त दोन गोष्टी आल्या : तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवण्याचा विचार आणि २०२० पर्यंत गरीब देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन. त्या अपयशातून शिकून पॅरिसची रचना उलटी केली गेली. कोणी किती कपात करायची हे वरून न लादता प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट आपणच ठरवायचे. या राष्ट्रीय वचनपत्राला 'एनडीसी' म्हणतात.

कराराचे चक्र असे फिरते. दर पाच वर्षांनी प्रत्येक देशाने नवे आणि आधीपेक्षा कडक वचनपत्र द्यायचे. सर्वांनी एकसारख्या पद्धतीने आपल्या उत्सर्जनाचा जमाखर्च जाहीर करायचा. आणि दर पाच वर्षांनी सर्व देशांच्या कामाची मिळून जागतिक उजळणी करायची. सरासरी तापमानवाढ औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दोन अंशांच्या बऱ्याच खाली ठेवायची आणि दीड अंशापर्यंत रोखण्यासाठी झटायचे, हे ध्येय. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधीजयंतीला, मान्यतापत्र दिले आणि ४ नोव्हेंबर २०१६ रोजी करार लागू झाला.

वचनपत्र देणे आणि हिशेब मांडणे बंधनकारक आहे, पण दिलेले वचन पाळणे नाही. शब्द मोडला तर दंड नाही, चारचौघांत नाव खराब होते इतकेच. अमेरिकेच्या येण्याजाण्याने हे उघड केले. २०१७ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी करार सोडण्याची घोषणा केली आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिका बाहेर पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती परतली. २० जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा अध्यक्ष झाल्याच्या दिवशीच, ट्रम्प यांनी परत बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. तरीही करार मोडला नाही. बाकीचे देश त्यात राहिले, ही त्याची जमेची बाजू.

दीड अंशाचाच आग्रह का?

दिवस-रात्रीत दहा-पंधरा अंशांचा फरक आपण सहन करतो, मग अर्ध्या अंशाचे एवढे काय, असे वाटणे साहजिक आहे. पण इथे संपूर्ण पृथ्वीची, समुद्रासकट, वर्षभराची सरासरी मोजलेली असते. अंगात दीड-दोन अंश ताप चढला तर काय होते, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

आयपीसीसीने ऑक्टोबर २०१८ मध्ये याच फरकावर खास अहवाल दिला. दीड अंशाला प्रवाळांच्या ७० ते ९० टक्के रांगा नष्ट होतील, दोन अंशांना ९९ टक्क्यांहून अधिक. पाच वर्षांतून किमान एकदा तीव्र उष्णतेच्या लाटेत सापडणारी लोकसंख्या दीड अंशाला १४ टक्के, दोन अंशांना ३७ टक्के. दीड अंशावर थांबायचे तर कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांनी घटवून २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर, म्हणजे जेवढे सोडू तेवढे शोषून घेण्यापर्यंत, आणावे लागेल, असे त्या अहवालाने सांगितले. 'नेट झिरो' हा शब्द तिथून घराघरांत पोहोचला.

'दीड अंश' करारात आला तो मुख्यतः लहान बेटांच्या देशांमुळे. मालदीव, तुवालू, मार्शल बेटे यांच्यासाठी दोन अंश म्हणजे पायाखालची जमीन जाणे. त्यांनी वर्षानुवर्षे हट्ट धरला आणि मोठ्या देशांना तो मान्य करावा लागला.

पैसा : दान, कर्ज की देणे?

प्रत्येक कॉप अखेर पैशावर येऊन अडते. कोपनहेगनमध्ये कबूल केलेले १०० अब्ज डॉलर २०२० पर्यंत मिळायला हवे होते. श्रीमंत देशांच्या 'ओईसीडी' या संघटनेच्या हिशेबाने ते २०२२ मध्ये, दोन वर्षे उशिरा, पुरे झाले. त्यातही मोठा भाग कर्जाचा. २०२४ च्या बाकू परिषदेत २०३५ पर्यंत दरवर्षी किमान ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले. विकसनशील देशांची मागणी १,३०० अब्जांची होती. हातोडा पडल्यानंतर भारताच्या प्रतिनिधीने उठून हा निर्णय अमान्य असल्याचे सभागृहात स्पष्ट सांगितले.

मदत आणि कर्ज यांतला फरक महाराष्ट्रात जवळून पाहता येतो. दक्षिण कोरियात मुख्यालय असलेल्या हरित हवामान निधीने २०१८ मध्ये आंध्र प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यांसाठी सुमारे ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. त्यात सिंधुदुर्ग आहे. कांदळवने जपायची, जिथे उजाड झाली तिथे पुन्हा लावायची, आणि खाडीत खेकडेपालन, कालवपालन करून किनाऱ्यावरच्या माणसांना त्यातून पोटापाण्याचे साधन द्यायचे, असे ते काम. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचतगट कांदळवन सफारी चालवतो, तिची सुरुवातही संयुक्त राष्ट्रांच्या मदतीतूनच झाली. वल्ह्याची होडी कांदळाच्या मुळांमधून नेत या बायका पाहुण्यांना चिपी, तिवर ओळखायला शिकवतात. कांदळाची मुळे चिखल धरून ठेवतात, वादळाची लाट अडवतात, मासळीच्या पिल्लांना आसरा देतात आणि कार्बन गाळात साठवतात. आंतरराष्ट्रीय निधी म्हणजे काय, हे तिथल्या चिखलात पाय बुडवून समजते.

दुसरीकडे 'पोकरा' या नावाने शेतकऱ्यांना माहीत असलेला कृषी संजीवनी प्रकल्प आहे. विदर्भ, मराठवाडा आणि पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा मिळून सुमारे ५,००० गावांत ठिबक, शेततळी, शेडनेट, रुंद वरंबा-सरी अशी कामे त्यातून झाली. त्यासाठी जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर दिले, पण ते कर्ज आहे. मराठवाड्याच्या शेतकऱ्याने तापमानवाढीत नगण्य भर घातली, आणि तिच्यापासून वाचण्याचा खर्च मात्र त्याच्या राज्याला व्याजासह फेडायचा आहे. वाटाघाटींत भारत पैशाबद्दल ताठ का बोलतो, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे.

आणखी एक निधी २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत मान्य झाला : जे नुकसान होऊन गेले आणि भरून येण्याजोगे नाही, त्याच्या भरपाईचा. प्रशांत महासागरातल्या वानुआतू या देशाने अशी कल्पना १९९१ मध्येच मांडली होती. ती मान्य व्हायला तीस वर्षे लागली. त्यात जमा झालेला पैसा गरजेच्या मानाने अजून फार थोडा आहे.

कोळसा, तेल आणि एका क्रियापदाची लढाई

आश्चर्य वाटेल, पण तापमानवाढीचे मुख्य कारण असलेल्या कोळशाचे नाव कॉपच्या अंतिम निर्णयात प्रथम आले ते २०२१ मध्ये, ग्लासगोला. मसुद्यात कोळसा 'टप्प्याटप्प्याने बंद' करण्याचे शब्द होते. शेवटच्या तासात भारताच्या सूचनेवरून ते 'टप्प्याटप्प्याने कमी' असे झाले. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा माफी मागताना गळा दाटून आला. जगभरातून भारतावर टीका झाली. पण भारताचा मुद्दा समजून घेण्यासारखा होता. गरीब देशांच्या कोळशाचे नाव घ्यायचे आणि श्रीमंत देश ज्यावर चालतात त्या तेल-वायूचा उल्लेखही टाळायचा, हा न्याय नव्हे.

दोन वर्षांनी, दुबईच्या परिषदेत, पहिली जागतिक उजळणी झाली. तिच्या निर्णयात सर्वच जीवाश्म इंधनांपासून न्याय्य आणि सुव्यवस्थित रीतीने दूर जाण्याचे आवाहन आले. २०३० पर्यंत जगाची अक्षय ऊर्जा क्षमता तिप्पट करायचेही ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात, ॲमेझॉनच्या मुखाशी, ऐंशीहून अधिक देशांनी या स्थित्यंतराचा निश्चित आराखडा मागितला. अंतिम मसुद्यात तो आला नाही. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठीचा निधी २०३५ पर्यंत तिप्पट करण्याचे आवाहन तेवढे झाले. दिशा ठरली आहे, तारीख ठरलेली नाही.

भारताचा शब्द

भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे. जगाची सरासरी पाचच्या जरा खाली, अमेरिकेची १४ च्या आसपास. पण लोकसंख्येमुळे एकूण उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर आपला क्रमांक लागतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि सोयीची एकच धरून चालणार नाही.

२०२२ मध्ये दिलेल्या वचनपत्रात भारताने दोन ठळक उद्दिष्टे ठेवली. जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवायचे आणि वीजनिर्मितीची निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांतून आणायची. २०७० पर्यंत निव्वळ शून्य गाठण्याची घोषणा ग्लासगोला झालीच होती. निम्म्या क्षमतेचे उद्दिष्ट २०२५ च्या मध्यालाच, पाच वर्षे आधी, पूर्ण झाले. याचा अभिमान वाटायलाच हवा. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक आहे. सूर्य मावळला की सौर पॅनेल थांबते, त्यामुळे आपण वापरतो त्या दर दहा युनिटांपैकी सात-साडेसात युनिटे अजून कोळशातूनच येतात. चंद्रपूर आणि कोराडीची धुराडी रात्रीही चालू असतात. बॅटरी, पाण्याचा उपसा करून साठवण आणि दूरवर वीज नेणाऱ्या वाहिन्या, हे पुढचे काम आहे.

भारताने स्वतःही पुढाकार घेतला. २०१५ मध्ये पॅरिस परिषदेतच फ्रान्ससोबत आंतरराष्ट्रीय सौर आघाडी उभी केली. तिचे मुख्यालय गुरुग्रामला आहे. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्याचे ध्येय ठेवले, म्हणजे देशाच्या मुदतीच्या वीस वर्षे आधी.

वानुआतूचे विद्यार्थी आणि हेगचे न्यायालय

कराराला दंडुका नसेल तर न्यायालयाचे दार ठोठावावे, हा विचार २०१९ मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी मांडला. वानुआतू सरकारने तो उचलला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले : हवामानाचे रक्षण हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते न पाळणाऱ्यावर भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, आदेश नव्हे. पण यापुढे कोणत्याही देशातला वकील ते न्यायाधीशापुढे ठेवू शकतो. पॅरिसमध्ये 'केलीच पाहिजे' चे 'करावी' झाले होते. दहा वर्षांनी न्यायालयाने त्या 'करावी' मध्ये थोडे बळ परत घातले.

ताळेबंद

आता जमा-खर्च एकत्र मांडू. जमेच्या बाजूला : पॅरिसपूर्वी जग शतकाअखेर तीन अंशांहून अधिक वाढीकडे चालले होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार आजच्या धोरणांनी ती २.८ अंशांपर्यंत जाईल, आणि सर्व वचनपत्रे पूर्ण पाळली गेली तर २.३ ते २.५ अंशांवर थांबेल. २०१० ते २०१९ या दशकात सौर ऊर्जेचा खर्च ८५ टक्क्यांनी आणि पवन ऊर्जेचा ५५ टक्क्यांनी घटला, असे आयपीसीसीने नोंदवले आहे. देशांच्या धोरणांनी बाजार मोठा केला, मोठ्या बाजाराने किंमत उतरवली, आणि आज बऱ्याच ठिकाणी सूर्याची नवी वीज कोळशाच्या नव्या विजेपेक्षा स्वस्त पडते.

खर्चाच्या बाजूला : २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जागतिक हवामान संघटनेच्या आकड्यानुसार त्या वर्षीची सरासरी औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त होती. एका वर्षाने पॅरिसची मर्यादा मोडली असे होत नाही, कारण ती वीसेक वर्षांच्या सरासरीने मोजतात. पण उंबरठा पायाशी आला आहे.

हे सगळे पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. जिथे शब्दाला मुदत, पैसा आणि पडताळणी जोडली गेली, तिथे काम झाले. जिथे यातले एक जरी सुटले, तिथे शब्द कागदावर राहिला. जगाला करार जमत नाहीत असे नाही. अर्धवट केलेले करार चालत नाहीत, इतकेच.

वाचकाने काय करावे?

पुढच्या वेळी कॉपची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा. कोणी काय कबूल केले आणि कोणत्या तारखेपर्यंत? पैसा कोण देणार, आणि तो अनुदान की कर्ज? हिशेब कोण तपासणार? हेच तीन प्रश्न आपल्या महापालिकेच्या आराखड्याला, जिल्ह्याच्या योजनेला आणि मते मागायला येणाऱ्या उमेदवारालाही लागू पडतात. पॅरिस करार लोकांच्या नजरेवर चालतो. ती नजर हलली, तर त्यात दुसरे काही बळ उरत नाही.

पुढची जागतिक उजळणी २०२८ मध्ये आहे. तोवर आपला देश, आपले राज्य आणि आपले शहर यांनी दिलेला शब्द कुठवर पाळला, हे विचारत राहणे आपल्या हातात आहे.